आम्ही येतो

मला राग येतो. लहानपणापासून येतो, चटकन येतो, आणि आला की ठाण मांडून बसतो. नवरा म्हणतो, बीपीची गोळी घे. मी गोळी घेते आणि मग भांडते, म्हणजे दोघांचंही समाधान होतं. पण मागच्या हिवाळ्यात मी ज्या एका शब्दावरून आमच्या चांगल्या गिऱ्हाइकाशी, पोटच्या मुलीशी आणि शेवटी एका म्हाताऱ्या बाईशी भांडले, तो शब्द आपण सगळे रोज तोंडातून काढतो आणि त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. अजून आठवलं तरी हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

शारजात आमचं फ्रेमचं दुकान आहे. नवऱ्याच्या काकांनी सुरू केलं, आम्ही चालवतो. पुढे काउंटर, मागे वर्कशॉप, आणि सगळीकडे लाकडाचा भुस्सा. नवरा मापं, कटिंग, मोल्डिंग बघतो. गिऱ्हाईक आणि नाजूक कागद माझ्याकडे, कारण माझा हात हलका आहे. जीभ नाही, हात. आमच्याकडे पोरांची डिग्री सर्टिफिकिटं येतात, गणपती येतात, कुराणातल्या आयती येतात, लग्नाचे फोटो येतात. आणि दुबईतली एक गॅलरी आहे, ती जुने नकाशे, जुनी पत्रं, जुन्या सह्या पाठवते. या गॅलरीचा मालक दिल्लीकडचा. बोलायला गोड, हिशेबाला चोख. त्याच्याच ओळखीने आमच्या मुलीला तिथे पहिली नोकरी लागली. चित्रांखाली लावायचा मजकूर लिहायचा, इंटरनेटवर टाकायचा, असलं काहीतरी. त्याला ती कंटेंट म्हणते.

त्या दिवशी मालक स्वतः आला. एरवी ड्रायव्हर येतो. हातात प्लॅस्टिकची फाइल, आणि फाइलमध्ये एक पत्र. जाड, पिवळा पडलेला कागद, त्यावर काळ्या शाईत तिरकं, दाट इंग्रजी, मध्येच दोन ओळी हिब्रू. त्याने मला समजावून सांगितलं की हे एका फार मोठ्या विचारवंताच्या हातचं आहे. ज्यूंना स्वतःचा देश असावा असं ज्यांनी अगदी सुरुवातीला लिहिलं, म्हणजे तो देश नकाशावर यायच्या कितीतरी आधी, त्यांतला हा एक. आणि हे पत्र त्याने लिहिलं होतं आपल्या कोकणातल्या एका ज्यू शाळामास्तरांना. अलिबागच्या बाजूच्या एका गावात.

हे ऐकून मला काही नवल वाटलं नाही. कोकणातले बेने इस्राएल मला माहीत होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनवारतेली म्हणायचे. साताऱ्याला आमच्या शाळेत गणिताच्या बाई त्यांच्यातल्या होत्या, आणि त्यांचं मराठी आमच्या मराठीच्या बाईंपेक्षा बरं होतं.

"पण भाभीजी, खरी गंमत मागे आहे," मालक म्हणाला. म्हणाला हिंदीत, मी आपली मराठीत सांगते आहे. त्याने कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूला शिसपेन्सिलीने तीन ओळी होत्या. "हे उत्तर आहे. त्या गावच्या लोकांचं त्या थोर माणसाला उत्तर." मग त्याने छातीवर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणून दाखवलं. त्याचा अर्थ असा: माते, आम्ही तुझी फार वाट पाहिली. नौका थांबणार नाही. आम्ही येत आहोत. माता म्हणजे तिकडची पवित्र भूमी, असं त्याने मला वर समजावलं. दोन्ही बाजूंनी काच असलेली फ्रेम हवी होती, आणि खाली पितळेची पट्टी. पट्टी तो करून घेऊनच आला होता. तिच्यावर मोठ्या अक्षरांत कोरलं होतं, 'वी आर कमिंग'. घेणाराही ठरला होता. कुणीतरी बडा माणूस त्याच्या ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर लावणार होता.

मी चष्मा लावला आणि ते पेन्सिलीचं अक्षर वाचलं. घाईघाईचं, पण स्वच्छ बाळबोध.

"आई, तुझी फार वाट पाहिली. मचवा थांबत नाही. आम्ही येतो."

मला आधी हसूच फुटलं. इतकं की मालकाला वाटलं कागद फाटला. मग हसू गेलं आणि नेहमीचा पाहुणा आला.

"भाईसाब," मी म्हटलं, "ये लोग आ नहीं रहे. ये लोग जा रहे हैं."

"लिखा क्या है? येतो. येतो मतलब?"

"येतो मतलब आता हूँ."

"तो?"

"तो मतलब जाता हूँ."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला उन्हात चक्कर आली असावी. मी परत समजावलं. आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. घरातून निघणारा माणूस 'येतो' म्हणतो, आणि दारात उभा असलेला त्याला 'या' म्हणतो. दोघांनाही माहीत असतं की माणूस चाललाय. हे कुणा पवित्र भूमीला लिहिलेलं नाही हो. हे एका मुलाने आपल्या आईला लिहिलंय. आई घरी नव्हती, बोट सुटत होती, हाताला लागला त्या कागदावर पोराने निरोप लिहिला आणि निघाला. संपलं.

तो शांतपणे म्हणाला, "हमने नेटिव्ह स्पीकर से करवाया है."

"कौन है वो शहाणा?"

"आपकी बेटी."

मी खुर्चीवर बसले. मागे वर्कशॉपमध्ये नवऱ्याने करवत थांबवली, म्हणजे त्यानेही ऐकलं होतं. मालक फाइल माझ्या ताब्यात देऊन, परवा म्हातारीला घेऊन येतो, फोटो काढायचेत, असं सांगून निघून गेला. ही म्हातारी म्हणजे पत्राची मूळ मालकीण. तिकडे इस्राएलमध्ये राहते, नातू इथे दुबईत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, दोन देशांतली विमानं सुरू झाल्यापासून त्याच्याकडे येते. कागदपत्रांवर सह्या व्हायच्या होत्या, पण बोलणं सगळं पक्कं होतं.

मुलगी दुबईहून घरी येईपर्यंत मी उकळत होते. तिचा दोष नाही, तो रस्ताच तसा आहे, संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलाने चालतात. पण तेवढा वेळ मला उकळायला मिळाला. ती बूट काढत होती तेवढ्यात मी सुरू झाले.

"'आम्ही येतो' म्हणजे काय गं?"

"वी आर कमिंग," ती म्हणाली. आमची मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीत देते. "व्हाय?"

"कपाळ माझं!"

तिने बॅगेतून लॅपटॉप काढला. मला दाखवलं. आई म्हणजे मदर. वाट पाहणे म्हणजे वेट. मचवा तिला येत नव्हतं, तिने शोधलं, म्हणजे बोट. थांबत नाही, येतो. एव्हरी सिंगल वर्ड इज करेक्ट, असं ती म्हणत राहिली, आणि मला जास्तच चीड आली कारण ते खरं होतं. एकही शब्द चुकला नव्हता आणि सगळंच्या सगळं खोटं होतं. आणि आईची पवित्र भूमी कुणी केली? ते मी नाही केलं, मालकांनी केलं, ती म्हणाली. तू त्यांना मदर दिलीस, त्यांनी एम मोठा केला, मी म्हटलं. नवरा मध्ये पडला, की जेवून घेऊ या का. नाही, म्हटलं, नाही जेवायचं.

मी तिला सांगितलं की साताऱ्याला आमच्या घरात कुणी 'जाते' म्हटलं तर आई पाठीत धपाटा घालायची. मी शाळेला निघताना एकदा म्हटलं होतं, जाते गं. हातात दप्तर, पायात चपला, आणि पाठीत धपाटा. "जाते काय? जाते म्हणायला तू काय कायमची चाललीस? येते म्हण." परत घरात नेऊन, पाटावर बसवून, उठवून, येते म्हणायला लावलं. शाळेला उशीर झाला तो झाला. हे शिकवायची गोष्ट नसते, हे अंगात असतं. मेलेल्या माणसाबद्दलच 'गेला' म्हणतात. म्हणून जित्या माणसाने जातो म्हणायचं नाही.

"तू जन्मल्यापासून रोज सकाळी दारात मी काय म्हणते तुला?"

"येते."

"मग?"

"अँड देन यू कम बॅक," ती म्हणाली. "सो? कमिंग!"

मी आणखी मोठ्याने ओरडले. विचारलं, त्या म्हातारीला कुणी विचारलं का? तिचं घर, तिचा कागद. मुलगी म्हणाली, तिला इंग्रजी येत नाही, फक्त हिब्रू येतं, असं नातवाने सांगितलंय. आणि आई प्लीज, मजकूर वेबसाइटवर गेलाय, घेणाऱ्याला ती ओळच आवडलीये, मी आता चुकलं म्हणाले तर माझी नोकरी जाईल. हे शेवटचं तिने मराठीत म्हटलं. ती घाबरली की मराठीत बोलते. शेवटी मी ताटावर बसले, पण राग काही बसला नाही.

दुसरा दिवसभर ते पत्र माझ्या टेबलावर होतं. मी माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, कापत होते आणि मनातल्या मनात मालकाशी भांडत होते. त्या मुलखाबद्दल इथे आवाज खाली घेऊन बोलावं लागतं. माझ्या दुकानात त्या देशाचं नाव घेतलं की दातओठ खाणारे येतात, आणि आता त्या देशातूनही लोक येतात, दोघांनाही मी बसायला खुर्ची देते. तिकडच्या बातम्या मीही बघते आणि टीव्ही बंद करते. ते भांडण माझ्या आवाक्यातलं नाही. पण कोकणातल्या कुणा पोराने आईला लिहिलेला निरोप उचलून त्याची घोषणा करायची, आणि तीही माझ्या हातून, माझ्या खिळ्यांनी, हे मला गिळवेना. फ्रेमवाल्या बाईला कुणी विचारत नाही की तुला काय वाटतं. नका विचारू. मी सांगणारच होते.

ठरल्या दिवशी मालक आला, मुलगी आली, नातू आला, आणि नातवाच्या हाताला धरून म्हातारी आली. ठेंगणी, घोळदार झगा, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पायात जाड तळव्याचे बूट. गुडघे दुखत असावेत, उंबऱ्याशीच थबकली. नातवाशी हिब्रूत काहीतरी पुटपुटली. मी सवयीने म्हणून गेले, "सावकाश या, मावशी. बसा. पाणी देऊ?"

"दे गो बाय," म्हातारी म्हणाली. "थंड नको हां, दाताला झिणझिण्या येतात."

नातवाचं तोंड उघडंच राहिलं. त्याला वाटत होतं आजी फोनवर बहिणीशी जे बोलते ते कसलंतरी इंडियन आहे. मालकाने मुलीकडे पाहिलं, मुलीने माझ्याकडे. मी पाण्याचा ग्लास मावशींच्या हातात दिला आणि मग कुणाची वाट न बघता विचारलं, "मावशी, या कागदामागे काय लिहिलंय ठाऊक आहे तुम्हाला?"

"ठाऊक नसायला काय झालं? माझ्या बापाने लिहिलंय. मी बाजूला उभी होते."

मग त्यांनी सांगितलं. सगळ्यांसमोर, माझ्याकडे बघून, आणि मी मध्ये मध्ये हिंदीत सांगत होते म्हणून बाकीच्यांना कळत होतं. हे शाळामास्तर म्हणजे त्यांचे आजोबा. त्यांना हे पत्र आलं, त्यांनी वाचलं, जपून कपाटात ठेवलं, आणि परत शाळेत शिकवायला गेले. उत्तर लिहिलं की नाही कुणाला ठाऊक नाही. आपल्याला इथून कोण हाकलतंय, असं म्हणायचे म्हणे. ते वारले, पत्र कपाटातच राहिलं. मग कितीतरी वर्षांनी, तो देश झाल्यावर, मावशींच्या वडिलांनी जायचं ठरवलं. बायको, दोन पोरं, एक ट्रंक. त्यांची आई, म्हणजे मावशींची आजी, जायला तयार नव्हती. पण निरोप द्यायला ती घरी असणार होती. नेमकी आदल्या दिवशी शेजारच्या गावात तिची भाची बाळंत होणार म्हणून बोलावणं आलं. सकाळपर्यंत परत येते म्हणून गेली. सकाळ झाली, ती आली नाही. मचव्यावरून हाका सुरू झाल्या.

"बापाने कपाट उघडलं, मोठा कोरा कागद दिसला, त्यावर लिहिलं. पुढल्या बाजूला कोणाचं काय आहे ते बघितलंसुद्धा नाही. पेन्सिल माझी होती. शाळेच्या दप्तरातली," मावशी म्हणाल्या.

दुपारी आजी परत आली. घर रिकामं. गावात आपलेच लोक म्हणायला लागले, तुझा मुलगा न सांगता पळाला. तेव्हा ती तो कागद घेऊन घरोघर फिरली. वाचता तिला येत नव्हतं. ती दुसऱ्याकडून वाचून घ्यायची आणि म्हणायची, बघा, न सांगता गेला नाही, 'येतो' म्हणून गेलाय. येणार तो. मग तिने तो तांदळाच्या डब्यात ठेवला. कुणी आलं-गेलं की डबा उघडायची आणि वाचायला लावायची. मरेपर्यंत. ती गेल्यावर शेजारच्या कोळणीने सामान आवरताना तो कागद तिकडे निघालेल्या कुणाच्या तरी हाती पाठवला.

"आणि तुमचे वडील?" मी विचारलं.

"तो कुठे आला? तिकडे रस्त्याच्या कामावर लागला, मग कारखान्यात. आज जाऊ, उद्या जाऊ. कागद आला तेव्हा वाचला, घडी घातली, माझ्या हातात दिला. बोलला काय नाय."

मी त्यांना पितळेची पट्टी दाखवली नाही. त्यांनीच ती टेबलावर पाहिली आणि बोटाने अक्षरं चाचपली. हे काय लिहिलंय, असं नातवाला विचारलं. तो हिब्रूत सांगायला लागला. मावशींनी त्याला मध्येच थांबवलं आणि माझ्याकडे वळल्या. "तू सांग."

मी सांगितलं. आई म्हणजे तिकडची भूमी, आणि हे लोक तिच्याकडे निघालेत, येत आहेत, असं.

त्यांना आधी समजलंच नाही. मी परत सांगितलं. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं मी तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

"माझ्या आजीला म्हटलेलं देशाला म्हटलं असं लिवता?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "ती बिचारी डबा उघडून उघडून मेली. तिला एक शब्द दिला होता त्याने. एक. तो पण काढून घेता तिच्याकडनं?"

नातू खाली वाकून त्यांना समजावत होता. मालकही पुढे आला. त्याचं म्हणणं, इसमें बुरा क्या है, कविता समझिए, दोन्ही अर्थ निघतात, आणि आता घेणाऱ्या पार्टीला सांगणार काय? तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, दोन्ही अर्थ कसे निघतात? एकीकडे माणूस म्हणतोय मी परत घरी येईन, दुसरीकडे तुम्ही म्हणताय तो घर सोडून तिकडे येतोय. तोंड कुठल्या दिशेला आहे हे तरी बघाल की नाही? तुमची आई दिल्लीला आहे ना, तुम्ही तिला निघताना म्हणता ना, 'अच्छा माँ, आता हूँ'? उद्या कुणी ते शब्द उचलून दुबईच्या एअरपोर्टवर पाटी लावली तर चालेल? तो म्हणाला, भाभीजी, आप फ्रेम बनाइए. फ्रेम बनाइए! बावीस कॅरेटचा माणूस समजत होते मी त्याला. नवरा मागून आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकून टाकला.

इतका वेळ मुलगी फोन हातात धरून उभी होती. फोटो काढायला आलेली. तिने फोन खिशात टाकला आणि नातवासमोर जाऊन उभी राहिली. इंग्रजीत म्हणाली, की मी चूक केली. शब्द बरोबर होते, अर्थ चुकीचा. त्याने विचारलं मग बरोबर काय? ती सांगायला लागली आणि अडली. वी आर लीव्हिंग म्हणाली, मान हलवली. वी विल बी बॅक म्हणाली, तेही नको म्हणाली. शेवटी म्हणाली, "आम्ही निघतो आहोत, पण ते तुला ऐकायला लागू नये म्हणून असं म्हणतो. इंग्लिशमध्ये नाही आहे हे." निम्मं वाक्य मराठीत गेलं तिच्या नकळत.

मालकाने तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "खलास," म्हणाला. तो सौद्याबद्दल म्हणाला की नोकरीबद्दल, ते तेव्हा कळलं नाही. दोन्हीबद्दल होतं. ते दुसऱ्या दिवशी कळलं.

पण सौदा खरा मोडला तो मावशींनी. नातवाला हिब्रूत चारच शब्द बोलल्या आणि तो पोरगा, चांगला सहा फुटी, शाळकरी मुलासारखा मान खाली घालून उभा राहिला. मग मला म्हणाल्या, "बाय, मला ही तसबीर करून दे. काच एकाच बाजूला. पेन्सिलीची बाजू पुढे."

मी सांगितलं की मग त्या मोठ्या माणसाचं अक्षर मागे बोर्डाकडे जाईल, दिसणार नाही कुणाला.

"नाय दिसलं तर नाय दिसलं. त्याच्या नावाने तिकडे रस्ते आहेत. माझ्या बापाच्या नावाने काय आहे?"

मी ती फ्रेम केली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. साधी सागवानी पट्टी, पांढरं माउंट, कागद कुठेही न चिकटवता कोपऱ्यांत धरलेला, म्हणजे उद्या कुणाला पुढची बाजू बघायची झालीच तर बघता यावी. काम करताना मी थोर माणसाचं अक्षर एकदा नीट पाहिलं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पण ज्या माणसाला एवढं सगळं म्हणायचं होतं त्याच्या पत्राच्या पाठीवर तीन ओळी लिहून एक बाप पोरांना घेऊन निघाला, आणि त्यातली शेवटची ओळ त्याला पाळता आली नाही. मला त्या बापाचाही राग आला. वर्षानुवर्षं एवढी विमानं उडत होती, एकदा जाता आलं नसतं? कारखाना काय पळून जात होता? ती म्हातारी डबा उघडून बसली होती! मी माउंटवरची धूळ ब्रशने झाडत होते आणि त्याला शिव्या देत होते, आणि मुलगी शेजारी बसून मला काच पुसून देत होती. नोकरी गेल्यामुळे तिला वेळच वेळ होता.

"त्याला यायचं असेल पण," ती म्हणाली. मराठीत.

"मग यायचं होतं," मी म्हटलं.

मावशी परत जायच्या दिवशी सकाळी तसबीर न्यायला आल्या. नातू गाडीतच बसून राहिला, त्याचा रुसवा गेला नव्हता. मी तसबीर कागदात गुंडाळायच्या आधी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी जवळ येऊन वाचली. ओठ हलले. मग पदर नव्हता म्हणून डोक्याच्या रुमालाच्या टोकाने काच पुसली, जी मुळीच मळली नव्हती. मी त्यांना बसा म्हटलं, चहा मागवते म्हटलं. कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियातला चहा त्यांना आवडला होता. नको म्हणाल्या, विमानाला उशीर होईल. मी त्यांच्या पाया पडले, मुलीलाही पडायला लावलं. त्यांनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, अगदी माझ्या आईसारखी. मी तसबीर गाडीपर्यंत नेऊन ठेवली. मावशी काठी टेकत दारापर्यंत आल्या, उंबऱ्यावर थांबल्या, वळल्या.

"जाते गो बाय."

माझ्या तोंडून निघूनच गेलं. विचार केलाच नाही, हात तेवढा उगारायचा राहिला. "जाते काय म्हणता मावशी! या वयात असं अभद्र बोलतात? येते म्हणा!"

त्या हसल्या. दात फार नव्हते.

"येतो म्हणून गेले ते आले नाय आमच्यातले. मी जाते म्हणते. बघू, उलटं होतं काय."

मला राग आला. इतका आला की डोळ्यांना धार लागली. निरोप देणाऱ्याने म्हणायचा तो एकच शब्द असतो, तोही माझ्या तोंडून निघेना. मी नुसती दाराची चौकट धरून उभी राहिले. गाडी चालू झाली, वळली.

तेव्हा माझ्या मागून मुलगी धावत बाहेर आली, भर रस्त्यात उभी राहिली आणि गाडीच्या दिशेने दोन्ही हात हलवत ओरडली, "या हं, मावशी! या!"